ॲलन स्मिथ: आर्सेनलचा सेंटर फॉरवर्ड ते फिफा गेममधला आवाज. दुसरा समालोचक नेमकं करतो काय?

उजवी_बगल

फिफा १२ पासून पुढे ज्यांनी गेम खेळला त्यांना मार्टिन टायलर आणि ॲलन स्मिथ ही जोडी पाठ आहे. टायलर हे मुरलेले समालोचक, एवढं सगळ्यांना माहीत असतं. स्मिथबद्दल मराठीत नीट लिहिलेलं सापडत नाही. शोधायला गेलं की लीड्स आणि मँचेस्टर युनायटेडचा, १९८० साली जन्मलेला दुसराच ॲलन स्मिथ समोर येतो.

गेममधला स्मिथ खेळाडू म्हणून केवढा होता? खेळ सुटल्यावर तो माइकपर्यंत कसा पोचला? दोघं समालोचक शेजारी बसलेले असताना दुसऱ्यानं कधी आणि किती बोलायचं हे कसं ठरतं? गेमसाठीचं बोलणं वेगळ्या पद्धतीनं रेकॉर्ड करतात का?

विचारण्यामागे एक कामही आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरचे सामने आता बरेच जण मोबाइलवर बघतात. तिथं एखाद्या निवृत्त खेळाडूला मराठीत दुसरा समालोचक म्हणून बसवायचं झालं, तर पहिल्या सामन्याआधी त्याला काय शिकवावं लागेल?

टचलाइन

हा आर्सेनलचा ॲलन स्मिथ. जन्म १९६२ चा, बर्मिंगहॅमकडचा. ॲल्व्हचर्च या हौशी पातळीवरच्या क्लबातून १९८२ मध्ये तो लेस्टर सिटीत आला आणि तिथं त्याची जोडी गॅरी लिनेकरशी जमली. १९८५ मध्ये लिनेकर एव्हर्टनला गेला. १९८७ मध्ये आर्सेनलचे प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहम यांनी स्मिथला तिथं आणलं.

तो उंच होता, पण वेगवान नव्हता. लांबून आलेला चेंडू छातीवर किंवा पायावर घ्यायचा, पाठीशी बचावपटू असताना तो राखायचा आणि मागून धावत येणाऱ्या साथीदाराला द्यायचा, हे त्याचं काम. तरी गोलही भरपूर केले. १९८८-८९ मध्ये २३ लीग गोलांसह तो इंग्लंडच्या पहिल्या विभागाचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि १९९०-९१ मध्ये पुन्हा. त्या दुसऱ्या मोसमात आर्सेनलनं लीगमध्ये एकच सामना गमावला.

त्याचे दोन गोल लक्षात ठेवण्यासारखे. पहिला २६ मे १९८९ चा, ॲनफिल्डवर. विजेतेपदासाठी आर्सेनलला लिव्हरपूलच्याच मैदानावर दोन गोलांच्या फरकानं जिंकायचं होतं. ५२ व्या मिनिटाला नायजेल विंटरबर्नच्या फ्री किकवर स्मिथनं डोक्यानं चेंडू वळवला आणि १-०. मग ९० मिनिटं संपल्यावरच्या भरपाई वेळेत आर्सेनलचा गोलरक्षक जॉन ल्युकिचनं चेंडू ली डिक्सनला दिला, डिक्सननं लांब पुढे स्मिथला, स्मिथनं वळून मायकेल थॉमसला, आणि थॉमसनं दुसरा गोल केला. दोन्ही संघांचे गुण ७६, गोलफरकही सारखा. आर्सेनलचे गोल ७३ आणि लिव्हरपूलचे ६५, म्हणून चषक लंडनला गेला. दुसरा गोल ४ मे १९९४ चा, कोपनहेगनमध्ये कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीच्या पार्माविरुद्ध, डाव्या पायानं. झोला, ब्रोलिन आणि अस्प्रिया समोर असताना आर्सेनलनं तो सामना १-० असाच जिंकला.

इंग्लंडकडून १३ सामने, २ गोल. १९९२ च्या युरोत स्वीडनविरुद्ध लिनेकरला बाहेर काढून ज्याला उतरवलं तो हाच. लिनेकरचा तो देशासाठीचा शेवटचा सामना, ४८ गोलांवर थांबलेला. पुढे त्या दोघांचाही पेशा प्रक्षेपणाचाच झाला.

१९९५ मध्ये गुडघ्यानं स्मिथला थांबवलं, तेव्हा वय ३२. संपूर्ण कारकिर्दीत त्याला एकदाच पिवळं कार्ड मिळालं. मधल्या फळीतल्या दणकट बचावपटूंशी दर शनिवारी अंगाला अंग लावून खेळणाऱ्या सेंटर फॉरवर्डच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. पंच काय बघतोय आणि का शिट्टी वाजवतोय हे त्याला खेळतानाच उमजत असणार.

मग माइक. तो थेट समालोचनाच्या खुर्चीत जाऊन स्थिरावला असं नाही. डेली टेलिग्राफमध्ये फुटबॉलवर लिहिणं आणि स्काय स्पोर्ट्सवर सहसमालोचन, ही दोन कामं त्यानं वर्षानुवर्षं जोडीनं केली. माझ्या मते हा लिखाणाचा भाग बहुतेक जण विसरतात. सामना संपला की ठरलेल्या शब्दांत आणि ठरलेल्या वेळेत कारणासकट मजकूर द्यायचा, ही सवय लागलेला माणूस माइकवरही पाल्हाळ लावत नाही.

एक फरक ध्यानात असू द्या. निवृत्त खेळाडू टीव्हीवर तीन वेगवेगळी कामं करतात. लिनेकर निवेदक झाला: १९९९ ते २०२५ बीबीसीचा मॅच ऑफ द डे हा कार्यक्रम चालवताना प्रश्न विचारणं, वेळ सांभाळणं आणि दुसऱ्यांना बोलतं करणं हे त्याचं काम. लिव्हरपूलचा ॲलन हॅन्सन त्याच कार्यक्रमात विश्लेषक होता. विश्लेषकाला चित्र थांबवून, मागे नेऊन, तयारीनं बोलता येतं. सहसमालोचकाला ही चैन नसते. एका कामात उत्तम असलेला माणूस दुसऱ्यात जमेलच असं नाही.

प्रक्षेपण_कक्ष

कामाच्या विभागणीबद्दल लिहितो. अडचणी इथंच येतात.

मुख्य समालोचक बहुधा पत्रकारितेतून किंवा रेडिओतून आलेला असतो. कोण, कुठे, किती वेळ झाला, गुणफलक काय, हे त्याचं. सहसमालोचक बहुधा माजी खेळाडू. का आणि कसं, हे त्याचं. ॲनफिल्डच्या त्या सामन्याला आयटीव्हीवर ब्रायन मूर आणि डेव्हिड प्लीट होते: मूर समालोचक, प्लीट माजी खेळाडू आणि प्रशिक्षक. ही वाटणी इतकी जुनी आहे.

चेंडू खेळात असताना बोलणं मुख्य समालोचकाचं. चेंडू बाहेर गेला, फाउल झाला, कॉर्नरची तयारी चालली, की दुसऱ्याला खिडकी मिळते. थ्रो-इनला दहा सेकंद, कॉर्नरला पंचवीस-तीस. दहा सेकंदांत मराठीत वीस-पंचवीस शब्द बसतात, त्याहून जास्त नाही. म्हणून एका खिडकीत एकच मुद्दा. नवखा माजी खेळाडू दोन मुद्दे घेतो, दुसरा अर्धवट असताना चेंडू परत खेळात येतो, त्याला थांबता येत नाही आणि मुख्य समालोचकाला त्याच्यावरून बोलावं लागतं. ऐकणाऱ्याला दोघांचंही कळत नाही.

गोल झाला की क्रम ठरलेला. आधी मुख्य समालोचक गोल सांगतो. मग दोघंही गप्प, प्रेक्षकांचा आवाज ऐकू द्यायचा. ही शांतता पाच-सात सेकंद तरी हवी, आणि ती मोडण्याचा मोह माजी खेळाडूंना फार होतो. त्यानंतर रिप्ले सुरू होतात, ते सहसमालोचकाचे. पहिल्या रिप्लेत बहुधा सगळी चाल दुरून दिसते, तेव्हा चूक कुठे सुरू झाली ते सांगायचं. पुढचा जवळचा असतो, त्यात पाय, डोकं, हात. चौथ्या रिप्लेपर्यंत सांगण्यासारखं काही उरलं नसेल तर गप्प बसावं.

चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगणं ही सर्वांत मोठी चूक. “उजव्या पायानं जोरदार फटका मारला आणि गोल” हे बघणाऱ्यानं आत्ताच पाहिलंय. “डावा बॅक चेंडूकडेच बघत राहिला, पाठीमागून धावलेला दिसलाच नाही” हे त्याला दिसलेलं नसतं. त्यासाठी सहसमालोचकाची नजर चेंडूवर नको. मुख्य समालोचक चेंडू बघतोय. दुसऱ्यानं बचावफळीची रेषा बघावी, चेंडूपासून लांबच्या बाजूचा खेळाडू कुठे उभा आहे ते बघावं, गोलरक्षक किती पुढे आलाय ते बघावं. मॉनिटर फक्त रिप्लेसाठी.

बोलायचंय हे जोडीदाराला कसं कळवायचं? हात किंचित वर करणे किंवा कोपराला हलका स्पर्श, यातली एक खूण आधी ठरवा. मुख्य समालोचकानं वाक्य संपवताना आवाज खाली आणला म्हणजे दार उघडलं. नाव घेऊन प्रश्न विचारण्याची सवय लावू नका, मुलाखत झाल्यासारखं वाटतं.

साधनं: इंग्लंडमध्ये हातात धरायचा लिप माइक पिढ्यान्पिढ्या वापरला गेला. त्याची पट्टी वरच्या ओठावर टेकवतात, म्हणजे तोंड आणि माइक यांतलं अंतर कायम साधारण ५ सेंटिमीटर राहतं आणि स्टेडियमचा गोंगाट फारसा आत येत नाही. त्याचा एक तोटा असा की एक हात अडकतो. लहान प्रक्षेपणाला तोंडासमोर दांडी असलेला हेडसेट माइक पुरतो. पण प्रत्येकाला स्वतंत्र हवा, आणि मिक्सरवर प्रत्येकाचा वेगळा चॅनल. एकच माइक दोघांत फिरवला की आवाज वरखाली होतो आणि मगाशी सांगितलेल्या दहा सेकंदांतले तीन माइक देण्याघेण्यात जातात.

प्रेक्षकांचा आवाज समालोचकांच्या माइकमधून घेऊ नका. मैदानाकडे तोंड केलेला तिसरा माइक लावा, त्यावर वाऱ्यासाठी फोमची टोपी, आणि त्याची पातळी बोलण्यापेक्षा १० ते १५ डेसिबल खाली. कानात मिक्सरचा थेट आवाज हवा. मोबाइलवर यूट्यूब लावून स्वतःला ऐकायचा प्रयत्न करू नका. तो बराच मागून येतो आणि बोलणारा अडखळतो. खोकण्यासाठी माइक क्षणभर बंद करायचं बटण हाताशी असू द्या.

बसायची जागा मध्यरेषेवर आणि शक्य तितकी उंच. दुपारचा सामना असेल तर पश्चिमेकडे पाठ. गोलपोस्टच्या मागे बसून ऑफसाइडबद्दल बोलता येत नाही.

उजवी_बगल

फार उपयोगी. गेमबद्दल कोणी सांगेल का? आणि माजी खेळाडू आपल्याच जुन्या संघाच्या सामन्याला बसला तर काय? कोल्हापुरात तालमीतालमींच्या फुटबॉल संघांची चुरस सगळ्यांना ठाऊक आहे. पाटाकडील तालमीकडून खेळलेल्यानं पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस क्लब सामना सांगायचा म्हणजे पहिल्या वाक्यापासून लोक कान टवकारून ऐकणार.

कंट्रोलर_१०

गेमचं सांगतो. आधी टायलर यांच्याबरोबर अँडी ग्रे होता, तोही ॲस्टन व्हिला, वुल्व्ह्ज आणि एव्हर्टनचा निवृत्त सेंटर फॉरवर्ड. २०११ मध्ये आलेल्या फिफा १२ पासून स्मिथ.

गेममधलं समालोचन सलग बोललेलं नसतं. हजारो सुटे तुकडे रेकॉर्ड करून ठेवतात आणि मैदानावर जे घडेल त्याप्रमाणे गेम ते जोडतो. खेळाडूचं नावच घ्या. ते शांतपणे, चढत्या स्वरात आणि गोलच्या क्षणाच्या आवेशात, असं वेगवेगळं म्हणून ठेवावं लागतं. नाही तर शांत स्वरातलं नाव ओरडलेल्या वाक्याला जोडलं जातं आणि लगेच खटकतं. दोन तुकड्यांतली आवाजाची पट्टी आणि माइकपासूनचं अंतरही सारखं लागतं. आज घसा बसलाय आणि उद्या बरा आहे, असं झालं की जोड ऐकू येतो.

यात सहसमालोचकाची कसोटी जास्त. मुख्य समालोचकाला नाव आणि घटना आयती असते. सहसमालोचकाच्या तुकड्याला मत असावं लागतं, पण ते मत शेकडो वेगवेगळ्या सामन्यांत खरं ठरावं लागतं. “बचावपटूनं आत वळू द्यायला नको होतं” हे वाक्य कुठल्याही विंगरला चालतं. “पहिल्या अर्धात त्यानं हेच केलं होतं” हे चालत नाही, कारण केलं होतं की नाही हे त्या तुकड्याला ठाऊक नसतं. स्मिथचं गेममधलं बोलणं थोडं सपाट आणि नेमस्त वाटतं, ते म्हणूनच. तरी एकच वाक्य पन्नासदा ऐकूनही फारसं टोचत नाही, हे त्याच्या शांत आवाजाचं श्रेय.

आणि एक जुळून आलेली गोष्ट. फिफा २१ मध्ये टायलर-स्मिथ जोडी गेली आणि डेरेक रे यांच्यासोबत आला ली डिक्सन. ॲनफिल्डवर स्मिथला तो लांब चेंडू देणारा डिक्सन. एकाच संघातले दोघं एकाच खुर्चीवर पाठोपाठ बसले.

मध्यरेषा

जुन्या संघाच्या प्रश्नाला आधी उत्तर. “आपण” आणि “आपला” हे दोन शब्द पूर्ण बंद. माजी खेळाडूच्या तोंडून ते नकळत निघतात. नियम सोपा ठेवा: प्रत्येक वेळी संघाचं पूर्ण नाव घ्यायचं. तोंडात बसेपर्यंत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा. दुसरं टोकही टाळायचं. पक्षपाती ठरू नये म्हणून काही जण जुन्या संघावर मुद्दाम जास्त टीका करतात, तेही ऐकणाऱ्याला कळतं. टीका करताना खेळाडूवर न घसरता कृतीवर बोला. “तो आळशी आहे” असं नाही, “पास दिल्यावर तो थांबला, धाव पूर्ण केली नाही” असं. कृती चित्रात दाखवता येते, म्हणून तिच्यावर वाद होत नाही.

आता मराठीचं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि चेंडू तेवढा वेळ थांबत नाही. “जाधवने उजव्या बगलेतून सुंदर पास गोलक्षेत्रात दिला” हे म्हणेपर्यंत गोल होऊन जातो. म्हणून मुख्य समालोचकानं नाव आणि जागा आधी टाकावी, क्रियापद सोडून द्यावं: “जाधव... उजवीकडून... आत...” दुसऱ्याचं काम घडून गेलेल्याबद्दल असतं, तिथं पूर्ण वाक्य आणि भूतकाळ शोभतो. हा फरक पाळला तर डोळे मिटूनही कोण बोलतंय ते कळतं.

डावं-उजवं ठरवून घ्या. डावी बगल म्हणजे चढाई करणाऱ्या संघाची डावी बाजू, पडद्याची डावी नव्हे. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की इथं हमखास गोंधळ होतो.

नावांचा कागद हा खरा अभ्यास. एका आडव्या कागदावर दोन्ही संघ मैदानावर उभे राहतात तसे मांडा, प्रत्येकाचा क्रमांक मोठा, खाली नाव, त्याखाली डोळ्यांना दिसणारी एक खूण: बुटांचा रंग, केस, पट्टी, डावखुरा आहे का. बदली खेळाडू कडेला. एका संघात तीन पाटील असू शकतात, तेव्हा आडनावावर विसंबून चालत नाही. त्यांच्यासाठी पहिलं नाव आधी ठरवा आणि दोघांनी तेच वापरा. संघ मैदानात सरावाला उतरतात तेव्हा कागद घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक खूण जुळते का ते तपासायचं, कारण बूट बदललेले असतात. मोबाइलच्या लहान पडद्यावर पाठीवरचा क्रमांक दिसत नाही, त्यामुळे टीव्हीपेक्षा नावं जास्त वेळा घ्यावी लागतात.

खेळाडूला “तो” चालतं, पंचांना “पंचांनी दिला” असं बहुवचन. मध्येच अरेतुरे आणि मध्येच अहोजाहो झालं की कानाला बोचतं. पेनल्टी, ऑफसाइड, कॉर्नर यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. पूर्वार्ध, उत्तरार्ध, बचावफळी, आघाडीपटू, चढाई हे मात्र सहज येतात, ते वापरा. माजी खेळाडूनं मराठीत समालोचन करण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. आकाशवाणीवर क्रिकेट सांगणारे बाळ पंडित स्वतः रणजी खेळले होते. फक्त रेडिओची सवय इथं आणू नका. तिथं सगळंच शब्दांत सांगावं लागतं, इथं निम्मं काम चित्र करतं.

शिट्टी

नियमांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वर टचलाइन यांनी ॲनफिल्डच्या पहिल्या गोलाचा उल्लेख केला. ती फ्री किक अप्रत्यक्ष होती. अप्रत्यक्ष फ्री किकवर चेंडू दुसऱ्या कुणालाही न लागता थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये गेला तर गोल नाही, गोल किक. म्हणजे स्मिथचं डोकं चेंडूला लागलं की नाही यावर सगळं अवलंबून होतं. लिव्हरपूलचे खेळाडू पंच डेव्हिड हचिन्सन यांच्याभोवती जमले, पंच लाइन्समनकडे जाऊन बोलले आणि गोल कायम राहिला. अशा वेळी सहसमालोचकानं “वाद कशाचा आहे” हे एका वाक्यात सांगायला हवं. त्याला अप्रत्यक्ष फ्री किकची खूण, म्हणजे पंचांचा वर धरलेला हात, आधीच दिसलेली असायला हवी. तो हात चेंडू दुसऱ्याला लागेपर्यंत किंवा खेळाबाहेर जाईपर्यंत वरच राहतो.

माजी खेळाडूंची अडचण ही की त्यांना ते खेळत होते तेव्हाचे नियम पाठ असतात. हाताला चेंडू लागणे, गोल किक बॉक्समध्येच साथीदाराला देणे, ड्रॉप बॉल (थांबलेला खेळ पंचांनी चेंडू टाकून पुन्हा सुरू करणे), हे सगळं २०१९ मध्ये बदललं. गोल किकचा चेंडू आता पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट बघावी लागत नाही. ड्रॉप बॉल दोन्ही संघांत झटापटीसाठी टाकत नाहीत. नियमावलीतले बदल दर वर्षी १ जुलैपासून लागू होतात; मोसम सुरू होण्याआधी तेवढी पानं वाचून काढावीत. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हे तर तोंडपाठ हवं. स्थानिक स्पर्धेत जास्तीत जास्त बदली खेळाडू किती आणि बरोबरी झाल्यास जादा वेळ की थेट टायब्रेकर, हे आयोजकांकडून लेखी घेऊन ठेवा.

निर्णय कळला नाही तर पंचांनी हात कुठल्या दिशेला दाखवला ते सांगा आणि थांबा. अंदाजानं सांगितलेला निर्णय पाच सेकंदांत उलटा ठरतो.

प्रक्षेपण_कक्ष

शिट्टी यांच्याशी पूर्ण सहमत. सरावाचं एक राहिलं. पहिल्या सामन्याआधी दोघांनी मिळून जुन्या सामन्याचं चित्र आवाज बंद करून लावावं आणि ४५ मिनिटं न थांबता बोलून रेकॉर्ड करावं. नंतर ते दोनदा ऐकायचं. एकदा चित्राशिवाय: दुसऱ्याचं बोलणं किती वेळा चेंडू खेळात असताना चालू राहिलं ते मोजायचं. एकदा चित्रासह: त्याची किती वाक्यं चित्रात दिसतंय तेच सांगत होती त्यांवर खूण करायची. पहिल्या फेरीत दोन्ही आकडे मोठे येतील. दोन-तीन पूर्वार्ध असे काढले की ते खाली येतात, मग मैदानावर न्या. पहिला सामना त्याच्या जुन्या तालमीचा देऊ नका.